राजा गेला. जवाचा भाव काय?

इ.स.पू. ३२३, जूनची ११ तारीख. बॅबिलॉन शहरात मार्दुक देवाच्या मंदिराशी बांधलेला एक लेखनिक त्या दिवसाची नोंद करत होता. राजा गेला, एवढंच त्याने लिहिलं. पुढे लगेच लिहिलं, आभाळ ढगाळ होतं.

गेलेला राजा म्हणजे सिकंदर. ग्रीसपासून पंजाबपर्यंत घोडा दौडवलेला, वय जेमतेम ३२. ज्या बातमीवर पुढे दोन हजार वर्षं ग्रंथ लिहिले गेले, ती बातमी ह्या माणसाने हवामानाच्या नोंदीच्या शेजारी बसवून टाकली.

पत्रकारितेच्या डिप्लोमात आम्हाला पहिला धडा मिळाला तो हाच, की महत्त्वाचं आधी लिहा. ह्या लेखनिकाचा हिशोब वेगळा होता. त्याच्या पाटीवर चंद्र कधी उगवला, गुरू-शुक्र कुठे दिसले, पाऊस पडला का, हे रोजचं. महिना संपला की खाली बाजारभाव. जव, खजूर, तीळ, लोकर धरून सहा जिनसांचे. मग युफ्रेटिस नदीचं पाणी किती चढलं, किती उतरलं. आणि सगळ्यात शेवटी, काही घडलं असेल तर गावच्या आणि राज्याच्या बातम्या. आपल्या जिल्हा पानाची रचना याहून फार वेगळी नाही, बघा.

ह्या नोंदींना अभ्यासक खगोलीय रोजनिश्या म्हणतात. आज हाती असलेली सगळ्यात जुनी इ.स.पू. ६५२ ची आहे, सगळ्यात अलीकडची इ.स.पू. ६१ ची. म्हणजे जवळपास सहाशे वर्षं हे काम चालू होतं. मधे असिरियन गेले, खाल्डियन आले, इराणी आले, ग्रीक आले, पार्थियन आले. लेखनिक मात्र लिहीतच होते, बापामागं मुलगा. इ.स.पू. १६४ मध्ये आलेला हॅलेचा धूमकेतूसुद्धा त्यांनी टिपला आहे.

भाव लिहायची रीत तर ओळखीची वाटेल. एक मापाला किती पैसे, असं ते लिहीत नसत. एक शेकेल चांदीला, म्हणजे साधारण आठ ग्रॅम चांदीला, किती जव मिळतात, असं लिहीत. आपल्या आज्या-पणज्या म्हणायच्या ना, रुपयाला इतके शेर, अगदी तसंच.

मी गेली वीसेक वर्षं तालुक्याच्या गावात बातमीदारी करतो. बाजार समितीचे भाव, धरणाचा साठा, पर्जन्यमान, हे छापणं म्हणजे आमच्याकडे नवशिक्याच्या गळ्यात मारायचं काम. म्हणून ह्या रोजनिश्यांबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चमकलो. आणि मग बॅबिलॉनबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. आज त्यातलंच थोडं सांगतो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

बॅबिलॉन म्हणजे आजच्या इराकमध्ये, बगदादच्या दक्षिणेला ८५ किलोमीटरवर, हिल्ला शहराजवळ. युफ्रेटिसच्या काठी. तिथले लोक आपल्या गावाचं नाव 'बाब-इली' असं सांगायचे. बाब म्हणजे दार, इल म्हणजे देव. देवाचं दार.

आता हा 'बाब' शब्द आपल्या ओळखीचा आहे. 'ही बाब गंभीर आहे' असं आम्ही बातमीत दिवसाला चार वेळा लिहितो. मराठीत तो अरबीतून, फारसीमार्गे आला. अरबीत बाब म्हणजे दार, आणि पुस्तकाचं प्रकरणसुद्धा. अरबी आणि बॅबिलॉनची भाषा एकाच कुळातल्या. म्हणजे आपल्या कचेरीतली 'बाब' आणि बॅबिलॉनचं दार, शब्द एकच.

त्या भाषेचं नाव अक्कादी. अक्कद नावाच्या शहरावरून पडलेलं. ते शहर नेमकं कुठे होतं, ते अजून सापडलेलं नाही. तिथला राजा सार्गोन, इ.स.पू. २३०० च्या सुमाराचा, आपल्या धक्क्याला मेलुहाची जहाजं लागतात अशी बढाई मारायचा. मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्या काळातली एक मुद्रा आहे. तिच्या मालकाचं नाव शू-इलिशू, आणि त्याचा धंदा लिहिला आहे, मेलुहाच्या भाषेचा दुभाषा. सिंधूची लिपी आज आपल्याला वाचता येत नाही. ती भाषा समजणारा एक माणूस तिकडे इराकात पोट भरत होता.

अक्कादीच्या दोन मोठ्या बोली झाल्या. उत्तरेला असिरियन, दक्षिणेला बॅबिलोनियन. लिपी मात्र स्वतःची नव्हती, शेजारच्या सुमेरी लोकांकडून उचललेली. नदीकाठची चिकणमाती मळायची, तळहातावर मावेल अशी पाटी करायची, बोरूच्या टोकाने त्यात दाबून खुणा उमटवायच्या. खिळे विखुरल्यासारखं दिसतं ते. तीच क्यूनिफॉर्म लिपी. चिन्हं शेकड्यांनी. शाळेला 'पाट्यांचं घर' म्हणत. पोरं तिथे सुमेरीसुद्धा घोकायची. सुमेरी तर तोवर कुणाच्या घरात बोललीही जात नव्हती, पण ती आल्याशिवाय शिकलेला म्हणत नसत. आपल्याकडे संस्कृत पाठ करायचे, तसंच म्हणा. गणितात साठचा हिशोब. तासाची ६० मिनिटं आणि वर्तुळाचे ३६० अंश हे त्यांचं देणं, आजही मनगटावर चालू आहे.

मला जास्त आवडतात त्या साध्या पाट्या.

उदाहरणार्थ, इद्दिन-सीन नावाचा एक मुलगा. हम्मुराबीच्या राज्यात, लार्सा भागातल्या एका मोठ्या अधिकाऱ्याचा पोरगा. शिकायला बाहेरगावी. त्याने आईला पत्र लिहिलंय, आईचं नाव झीनू. तक्रार कपड्यांची. इथल्या मुलांचे कपडे वर्षागणिक चांगले होतात, माझेच खराब होत चालले. आपल्या घरात लोकर भाकरीसारखी खपते आणि तू माझ्याच कपड्यात काटकसर करतेस. बाबांच्या हाताखाली काम करणाऱ्याच्या मुलाला दोन नवे कपडे मिळाले. त्याच्या आईने त्याला दत्तक घेतलंय तरी ती त्याच्यावर माया करते, तू मला जन्म दिलास तरी तुझी माया नाही. पावणेचार हजार वर्षं झाली ह्याला. वसतिगृहात मुलं ठेवलेल्या आईबापांना मी पुढे काही सांगायला नको.

दुसरी पाटी ऊर शहरातली. नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर नावाच्या तांब्याच्या व्यापाऱ्याला झाडलेलं पत्र. माल हलका दिलास, माझ्या माणसाला परत पाठवलंस, आता मी माल पारखून घेईन. ही पाटी आता लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे. व्यापारी बुडवा होता की गिऱ्हाईक किरकिरं होतं, हे आपण ठरवायचं.

आणि आता शेतकऱ्यांची गोष्ट. हम्मुराबी म्हटलं की 'डोळ्याला डोळा' एवढंच आपल्याला शाळेत शिकवतात. त्याची कारकीर्द साधारण इ.स.पू. १७९२ ते १७५०. त्याचे २८२ कायदे सव्वादोन मीटर उंचीच्या काळ्या दगडावर कोरलेले आहेत. इराणमधल्या सूसा इथे फ्रेंचांना १९०१-०२ मध्ये तो सापडला, आता लूव्रमध्ये आहे. त्यातला डोळ्याला डोळा हा न्याय बरोबरीच्या माणसांनाच होता. गुलामाचा डोळा फोडला तर पैशांवर भागायचं. हेही सांगायला हवं, उगाच सोनेरी मुलामा नको.

पण त्यातलं ४८ वं कलम वाचा. एखाद्यावर कर्ज आहे आणि वादळाने शेत बुडालं, किंवा पाण्याविना पीक आलंच नाही, तर त्या वर्षी त्याने सावकाराला धान्य द्यायचं नाही, त्याने आपली पाटी पाण्याने भिजवावी, आणि त्या वर्षाचं व्याज देऊ नये. पाटी भिजवायची म्हणजे करारनामाच ओला करून बदलायचा. कागद मातीचा होता म्हणून हे जमायचं. धान्याच्या कर्जाला तेव्हा वर्षाला तेहतीस टक्के व्याज चालायचं, चांदीच्या कर्जाला वीस.

पुढे ह्याच घराण्यातल्या अम्मी-सदुका राजाचा कर्जमाफीचा हुकूम सापडला आहे. पोटापाण्यासाठी काढलेली कर्जं माफ, धंद्यासाठी काढलेली नाहीत. आणि एखाद्या सावकाराने साधं कर्ज धंद्याचं म्हणून कागदोपत्री दाखवलं, तर त्याने सहापट भरायचे, आणि ते जमलं नाही तर देहदंड. निकषांची भानगड आणि कागदांची हेराफेरी, दोन्ही तेव्हापासूनची. ह्यावर कॉमेंटमध्ये राजकारण करू नका, एवढीच विनंती.

तर अशी ही भाषा. कायदा तिच्यात, व्यापार तिच्यात, गणित, वैद्यकी, ज्योतिष, गिल्गमेशची कथा तिच्यात. रुबाब तर असा की इ.स.पू. चौदाव्या शतकात इजिप्तचा फॅरो आणि त्याचे शेजारी राजे एकमेकांना पत्रं लिहायचे ती अक्कादीत. इजिप्तच्या अमर्ना गावी १८८७ मध्ये तो पत्रव्यवहार सापडला, साडेतीनशेच्या वर पत्रं. इजिप्तची स्वतःची एवढी मोठी लिपी असून परराष्ट्र खात्याची भाषा बॅबिलॉनची.

मग एवढी मोठी भाषा मेली कशी?

कुणी मारली नाही. बंदी नाही, जाळपोळ नाही. हे नीट वाचा, कारण ह्या पोस्टचं कारणच हे आहे.

इ.स.पू. आठव्या शतकात असिरियाचा राजा सार्गोन दुसरा ह्याला ऊरमधल्या सीन-इद्दिना नावाच्या माणसाने विचारलं, महाराजांची परवानगी असेल तर चामड्यावर अरामी भाषेत पत्र पाठवू का? राजाने उलट विचारलं, अक्कादीत का लिहीत नाहीस? पत्रं अक्कादीतच आली पाहिजेत, हाच आमचा हुकूम. म्हणजे राजभाषेचा जीआर निघाला होता. सत्तावीसशे वर्षांपूर्वी.

अरामी ही बाहेरून आलेल्या टोळ्यांची, व्यापाऱ्यांची भाषा. अक्षरं जेमतेम २२. शाई घ्या, चामडं घ्या, लिहून मोकळे व्हा. आणि असिरियन राजांनीच जिंकलेल्या मुलखातले लाखो लोक उचलून इकडून तिकडे बसवले, त्यात अरामी बोलणारे खूप. बाजारात अरामी आली. मग कारकुनाच्या हातात आली. मग घरात. राजाचा हुकूम पाटीवर राहिला आणि राजाच्याच कचेरीत अरामी लिहिणारे कारकून बसले.

गंमत म्हणजे बॅबिलॉनचं सगळ्यात मोठं वैभव ह्याच काळातलं. नेबुखदनेझर दुसरा, इ.स.पू. ६०५ ते ५६२. निळ्या झिलईच्या विटांचं इश्तार द्वार, मार्दुकाचं देऊळ, उंच मनोरा. त्याने जेरुसलेम पाडलं, ज्यू लोकांना कैद करून आणलं. त्याच्या राजवाड्यात सापडलेल्या शिध्याच्या पाट्यांत यहुदाच्या कैदी राजाचं, यहोयाखिनचं नाव आहे. त्याला आणि त्याच्या पाच मुलांना किती तेल दिलं, त्याची नोंद. बायबलमधला राजा, आणि पुरावा काय, तर कोठीच्या कारकुनाची तेलाची नोंद. ह्या वैभवाच्या काळातही रस्त्यावरचा माणूस अरामीकडे वळत होता.

इ.स.पू. ५३९ मध्ये इराणचा सायरस बॅबिलॉनमध्ये शिरला. त्याने आपला विजय मातीच्या वृत्तचितीवर लिहवून घेतला, तो बॅबिलोनियन अक्कादीत. हीच वृत्तचिती २०१३ च्या डिसेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आली होती. आपल्यापैकी कुणी पाहिली असेल, तर तुम्ही बॅबिलॉनची भाषा डोळ्यांनी पाहिली आहे. मान मिळाला तो असा, समारंभाला. इराणी साम्राज्याचा रोजचा कारभार अरामीत चालला.

पुढे ग्रीक आले. अक्कादी उरली ती देवळात, आकाश मोजणाऱ्या मूठभर घराण्यांत. तेच आपले रोजनिशीवाले. जे बाजारभाव ते लिहीत होते, त्या बाजारात त्यांच्या लिपीत लिहिलेलं कुणाला वाचता येत नव्हतं. तारीख लावता येणाऱ्या शेवटच्या पाट्यांपैकी एक इ.स. ७५ च्या सुमाराची, ग्रहगणिताची. त्यानंतर शांतता. सुमारे अठराशे वर्षं जगात ही लिपी वाचणारा एकही माणूस नव्हता.

वाचा परत फुटली त्यात मुंबईचा थोडा हात आहे. हेन्री रॉलिन्सन नावाचा १७ वर्षांचा इंग्रज मुलगा १८२७ मध्ये कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत दाखल झाला. इथे फारसी शिकला, पुढे इराणला गेला. तिकडे बेहिस्तूनच्या कड्यावर दरायस राजाचा लेख आहे, तीन भाषांत. त्यातली एक बॅबिलोनियन. ती ज्या उंच सुळक्यावर कोरली आहे तिथे रॉलिन्सनलाही पोचता येईना. १८४७ मध्ये एका कुर्दी मुलाने खाचेत मेखा ठोकत, दोराला लटकत, ओल्या कागदाचे ठसे काढून आणले. त्या पोराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. साहेबाचं नाव राहिलं. आयर्लंडचा पाद्री एडवर्ड हिंक्स ह्यानेही तितकंच डोकं लावलं होतं. १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने एकच लेख चौघांना वेगवेगळा दिला. चौघांची भाषांतरं जुळली. अक्कादी पुन्हा वाचता येऊ लागली. तिचा मोठा कोश शिकागो विद्यापीठाने १९२१ मध्ये सुरू केला तो २०११ मध्ये पुरा झाला. ९० वर्षं. न बोलल्या जाणाऱ्या भाषेसाठी.

आणि ह्यातला सगळ्यात मोठा उलटा न्याय बघा. अरामी जिंकली, पण तिचं चामडं तिथल्या ओलीत कुजून गेलं. जिंकलेल्यांचे बहुतेक कागद गेले. हरलेल्यांची माती राहिली. शत्रूने वाडा जाळला की आतल्या पाट्या भाजून आणखी पक्क्या झाल्या.

जागेचं म्हणाल तर बॅबिलॉनच्या विटा पिढ्यानपिढ्या आसपासच्या घरांना आणि बांधांना लागल्या. इश्तार द्वाराच्या विटा जर्मन बर्लिनला घेऊन गेले. सद्दाम हुसेनने १९८० च्या दशकात नेबुखदनेझरचा वाडा नव्याने उभारला आणि विटांवर स्वतःचं नाव कोरलं, कारण नेबुखदनेझरनेही कोरलं होतं. २००३ मध्ये अमेरिकन फौजेने त्याच जागेवर तळ ठोकला, खंदक खणले, खापरांसकट माती उचलून वाळूच्या पोत्यांत भरली. २०१९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून पाटी लावली.

मग राहिलं काय? शब्द. अक्कादीत दुभाष्याला 'तर्गुमन्नू' म्हणत. तोच शब्द अरबीतून फिरत फिरत आपल्याकडे 'तर्जुमा' म्हणून आला. महिन्यांची नावंही राहिली. निसान, तम्मूज, एलूल. ज्यू लोकांनी बॅबिलॉनच्या कैदेतून ती सोबत नेली. आपल्या रायगडात अलिबाग-पेणकडची बेने इस्रायली कुटुंबं, घरात मराठी बोलणारी, सण पाळतात ते ह्याच महिन्यांवरून. इराकमध्ये तर आजही जुलैला तम्मूजच म्हणतात.

आता आपल्याकडे येतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद मलाही झाला, आमच्या चौकात पेढे वाटले त्यात मीही होतो. पण अक्कादीकडे दर्जा कमी नव्हता, राजाचा हुकूम कमी नव्हता, ग्रंथ कमी नव्हते. तिच्याकडून गेला तो भाजीवाला, गेला हिशोबाचा कारकून, गेली मुलाला रागावणारी आई. परवा आमच्याच बाजारपेठेत पाहिलं. दुकानाची पाटी मराठी, ठळक, नियमाप्रमाणे. आत बिल इंग्रजी आणि गिऱ्हाइकाशी बोलणं हिंदी. दोघंही मराठीच होते.

दुसरी गोष्ट जरा जिव्हारी लागलेली आहे. मी जिथे उमेदवारी केली त्या साप्ताहिकाने जागा बदलताना जुन्या अंकांच्या बांधीव फायली रद्दीत घातल्या. किलोच्या भावाने. त्यात तीस-पस्तीस वर्षांचे कांद्याचे, ज्वारीचे भाव होते, पुराची पातळी होती, कुठल्या गावात पहिला टँकर कधी लागला ते होतं. कुठलाही इतिहासकार ते पुन्हा लिहू शकत नाही. आता आमच्या बातम्या मोबाइलवर असतात. वेबसाइटचं भाडं थकलं की एका रात्रीत पान कोरं.

म्हणून एक काम सुचवतो. तुमच्या माळ्यावर जुन्या किराणाच्या वह्या, सोसायटीच्या पावत्या, मोडीतली कागदं, आजोबांची पत्रं असतील, तर ती रद्दीवाल्याला देण्याआधी मला फोन करा. मी गाडी घेऊन येतो. आपल्या वाचनालयात एक कपाट रिकामं करून मागितलं आहे, तिथले काका हो म्हणाले आहेत. मोडी वाचणारे आपल्या तालुक्यात अजून दोघं आहेत, दोघंही सत्तरीच्या पुढचे.

आणि आजचा भाव सोसायटीच्या फळ्यावर लागला असेल, तर तो खाली मराठीत लिहा. तारखेसकट.